शेकलेली चिप

किचनवालीने लॅपटॉप काउंटरवर ठेवला तो जवळजवळ आपटलाच. एरवी ती आली की आधी खुर्ची ओढून बसायची, गिऱ्हाइकांच्या दोन-चार तऱ्हा सांगून हसवायची आणि मग कामाचं काढायची. आज ती उभीच राहिली.

"उघड आणि बघ," ती म्हणाली.

काउंटरमागच्या धाकटीने उघडला. पडदा उजळला, कंपनीचं चिन्ह आलं आणि गेलं, आणि त्याच्यामागोमाग एका कोपऱ्यातून हिरव्या-गुलाबी चौकटी पसरत आल्या. माप न घेता कुणीतरी टाइल्स बसवत सुटावं तशा.

"कधीपासून?"

"काल. तेही गिऱ्हाइकाच्या घरी, त्यांच्याच टेबलावर. त्यांना ओटा फिरवून दाखवत होते, तर ओट्यालाच हे फुटलं. नवरा-बायको आधी पडद्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, आम्ही कळवतो." तिने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. "कळवतो म्हणजे काय ते मला कळतं गं. ते काम गेलं. पण सोमवारी एका बिल्डरला बारा फ्लॅटची किचनं दाखवायचीत. वर्षभर त्याच्या मागे लागले तेव्हा कुठे त्याने वेळ दिलीय. आणि आज शुक्रवार."

किचनवाली स्वयंपाकघरं आखून द्यायची. कपाट कुठे, गॅस कुठे, उंच बाईला ओटा केवढा उंच लागेल, सगळं लॅपटॉपवर उभं करून, फिरवून, दारं उघडून दाखवायची. हे नाव दुकानाच्या दोघी बहिणींनी तिच्या मागे ठेवलेलं होतं. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा तिने ते स्वतःच्या कार्डावर छापून घेतलं, अशी ती बाई.

"तीन महिन्यांपूर्वी ताईने चिप बदलली होती ना याची?" तिने विचारलं.

"हो तर. म्हणजे ते नसणारच. ड्रायव्हर बिघडला असेल, अपडेटमध्ये होतं असं," धाकटी म्हणाली. "तुम्ही पाचला या. तोवर बघते मी."

किचनवालीचा चेहरा जरा सैल झाला. धाकटी म्हणाली म्हणजे तसंच असणार, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

दुकान दोघी बहिणींचं. त्यांची आई म्हणायची, थोरलीला देवाने हात दिलाय आणि धाकटीला तोंड, दोघी मिळून एक माणूस होतं. ताई आतल्या खोलीत भिंगाखाली बोर्ड घेऊन बसायची. धाकटी बाहेर काउंटर सांभाळायची, सॉफ्टवेअरचं काम करायची आणि लोकांशी बोलायची. दुकान नऊ वर्षं चाललं ते ताईच्या हातावर, आणि लोक परत आले ते धाकटीच्या बोलण्यावर. दोघींनाही हे ठाऊक होतं, म्हणून कधी भांडण नव्हतं.

ताईची एक गोष्ट साऱ्या गल्लीला माहीत होती. ती चिप शेकायची नाही. लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डची चिप मेली की ती उचलून काढायची आणि नवी बसवायची, हा सरळ मार्ग. त्यात अर्धा दिवस जातो. चिपच्या पोटाखाली जोडणीचे शेकडो बारीक डाग असतात, त्यातला एक चुकला तरी बोर्ड कामातून जातो. आणि एक चोरवाट असते. मेलेल्या चिपवर गरम हवेची गन धरायची, पाच मिनिटं छान शेकायचं, की चिप डोळे उघडते. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. दोन-तीन महिन्यांनी ती परत मान टाकते, तेव्हा त्याला सांगायचं की हा नवा बिघाड आहे. या धंद्याला ताई चोरी म्हणायची, तेही मोठ्याने, दारात उभी राहून.

म्हणून दुकानाची एक रीत पडली होती. चिप बदलली की जुनी चिप प्लास्टिकच्या छोट्या पुडीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. पुडी द्यायची धाकटीने. "ही तुमची जुनी," ती म्हणायची. "मेलेली आहे, पण तुमची आहे. न्या घरी." लोक हसायचे आणि पुडी जपून ठेवायचे. एका शिक्षकांनी तर ती कपाटात मांडून ठेवली होती, काढलेल्या मूतखड्यासारखी.

किचनवाली गेल्यावर धाकटीने कागद घेतला. बिघाड शोधायची तिची पद्धत होती. काय आहे ते शोधायचं नाही, काय नाही ते खोडत जायचं. तिने ओळीने लिहिलं: चिप, पडदा, पडद्याची केबल, ड्रायव्हर, उष्णता. आणि काही तपासायच्या आधीच पहिला शब्द खोडला. चिप तर ताईने बदललेली होती.

मग तिने दुकानातला मोठा मॉनिटर लॅपटॉपला जोडला. तिथेही त्याच टाइल्स. म्हणजे पडद्याचा दोष नाही, केबलचाही नाही. दोन शब्द खोडले. लॅपटॉप सेफ मोडमध्ये सुरू केला, म्हणजे अगदी जेवढ्यास तेवढं चालू ठेवून. पडदा लख्ख. धाकटी एकटीच हसली. बघा, ड्रायव्हरच आहे, ती मनात म्हणाली, आणि तिने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मुळापासून उपटून नवा टाकला. लॅपटॉप बंद करून चालू केला. टाइल्स हजर. मग जुना ड्रायव्हर शोधून टाकला, बरेचदा नव्यापेक्षा जुनाच बरा निघतो. टाइल्स पुन्हा हजर. ड्रायव्हरही खोडला. पंखा बघितला, तो बिचारा इमानाने फिरत होता. जाळीत धूळ नव्हती. अर्धा तास बंद ठेवून, गार झाल्यावर लावला, तरी तेच. उष्णताही खोडली गेली.

शेवटी तिने मशीनमधल्या भागांच्या यादीत जाऊन बघितलं. या लॅपटॉपमध्ये दोन कार्डं होती, रोजच्या किरकोळ कामाला एक धाकटं आणि जड कामाला एक थोरलं. थोरल्याच्या नावापुढे बिघाडाचा पिवळा त्रिकोण उभा होता. तिने ते बंद करून टाकलं. पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला. पण किचनवालीचं एक चित्र उघडून बघितलं तर कपाटाचं एक दार उघडायला मिनिटभर लागलं. सेफ मोडमध्ये सगळं ठीक दिसत होतं, कारण तिथे थोरलं कार्ड झोपलेलं होतं. दुखणं त्याचंच होतं.

कागदावर आता न खोडलेलं काही उरलं नव्हतं. धाकटीने त्या पहिल्या खोडलेल्या शब्दाकडे बघितलं.

असेल, नवी चिपच सदोष आली असेल, तिने स्वतःला समजावलं. शंभरात एखादी येतेच, पुरवठादार बदलून देतो. त्यासाठी चिपचा नंबर हवा होता. नवी चिप जुनीच्याच जातीची असते, तेव्हा जुनीवरून नंबर घेता आला असता. चार्जर काढताना तिला किचनवाली ठेवून गेलेल्या लॅपटॉपच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ती पुडी दिसलेली होती. तिने पुडी उघडून चिप ताईच्या भिंगाखाली धरली.

नंबर या लॅपटॉपचा नव्हताच. ती चिप दहा वर्षांपूर्वीच्या जाड लॅपटॉपांत यायची. आता तसले लॅपटॉप भंगारवालासुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेत नाही.

पुड्यांची अदलाबदल झाली असेल, धाकटीने ठरवलं. ताईच्या टेबलावर पसारा का कमी असतो? त्या दिवशी दोन-तीन बोर्ड असतील, घाईत चुकीची चिप पुडीत गेली असेल. तिने इतक्या भराभर सबबी शोधल्या की तिची तिलाच शंका आली. आपल्या माणसासाठी सबब शोधावी लागते तेव्हा आत कुठेतरी पाणी मुरत असतंच.

मागचं झाकण काढण्यापुरता धाकटीलाही हात होता. अकरा स्क्रू, बॅटरीची पट्टी सोडवायची, तांब्याची नळी उचलायची. चिपवरची राखाडी पेस्ट तिने फडक्याने पुसली आणि भिंग खाली ओढलं. चिपच्या पाठीवर ती कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात बनली ते बारीक अक्षरात कोरलेलं असतं. वर्ष चार वर्षांपूर्वीचं होतं. लॅपटॉपही चार वर्षांपूर्वीचाच. म्हणजे ही चिप जन्मापासून इथेच होती. ती कुणी उचललीच नव्हती.

तिच्या कडेने डाग देताना लावायचा चिकट फ्लक्स ओघळून वाळला होता, जुन्या मधासारखा. शेजारचा पांढरा प्लास्टिकचा कनेक्टर एका बाजूने तपकिरी पडला होता. या खुणा धाकटीला ओळखायला शिकवल्या होत्या ताईनेच. दुसऱ्या दुकानांतून फसून आलेले बोर्ड याच भिंगाखाली धरून ती म्हणायची, "ये, बघ. शेकलंय. याला काय म्हणायचं?" आणि धाकटी म्हणायची, "चोरी."

राग नंतर आला. आधी आली ती शरम, आणि ती स्वतःचीच. कारण ताईने चिप शेकली होती ती दाराआड. पण दहा वर्षांपूर्वीची कुठलीतरी उचलून आणलेली चिप किचनवालीच्या तळहातावर ठेवून "मेलेली आहे, पण तुमची आहे" असं हसून सांगितलं होतं धाकटीने स्वतः.

ताई दोनच्या सुमाराला आली. सकाळीच ती कामाचे पार्ट आणते म्हणून गेली होती. पिशवी खाली ठेवत तिने नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस का गं?"

"नाही."

"का?"

धाकटीने आतल्या खोलीकडे बघितलं. ताई आतल्या खोलीत गेली आणि टेबलावर उघडा पडलेला लॅपटॉप बघून थबकली. शेजारी पुडी होती.

"किचनवालीचा आहे," धाकटी दारात येऊन म्हणाली. "चिप गेली."

"नवीसुद्धा जाते कधी कधी."

"नवी आहे ही?"

"म्हणजे काय, मी..."

"ताई, मी तारीख वाचलीय."

ताईने नळ सोडला आणि हात धुवायला लागली. हात स्वच्छच होते. तरी ती बराच वेळ धूत राहिली.

"माझे अंगठे बधिर होतात," ती पाठमोरीच म्हणाली. "दोन्ही. गेल्या वर्षापासून. चिमटा धरलाय की सुटलाय तेच कळत नाही. लागोपाठ दोन बोर्ड जळले माझ्या हातून. तुला सांगितलं की ते आधीच जळके आले होते."

"आणि मी तसं गिऱ्हाइकांना सांगितलं."

"हो."

"किती जणांच्या शेकल्यास?"

"धाकटे, ऐक..."

"किती?"

"एकोणीस."

धाकटी स्टुलावर बसली. एकोणीस. त्यात ते शिक्षक असणार, पुडी कपाटात मांडणारे. त्यात किचनवालीने स्वतः हाताला धरून आणलेली तिची भाची असणार. एकोणीस वेळा तिने तेच वाक्य म्हटलं होतं, आणि एकोणीस वेळा माणसं हसली होती.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "हात चालत नाही एवढंच सांगायचं होतं. मी हातपाय गाळले असते का? बोर्डाचं काम बंद केलं असतं आपण. बाहेर दिलं असतं. काहीही केलं असतं. मी तुझी बहीण आहे ना?"

ताईने नळ बंद केला. ती वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता, हिशेबी. धाकटीला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिला तो तो आवाजच.

"सांगायला आले होते दोनदा," ताई म्हणाली. "पण तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणापासून येत नाही, सगळं चेहऱ्यावर दिसतं. तुला माहीत असतं तर पहिल्याच गिऱ्हाइकाने ओळखलं असतं. लोक माझा हात कुठे बघतात? ते तुझा चेहरा बघतात. तो खरा राहायला हवा होता."

धाकटीला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. इतका वेळ तिला वाटत होतं की ताईने तिच्यापासून लपवलं. तसं नव्हतंच. ताईने तिला वापरलं होतं. तिचा भोळेपणा मोजून-मापून, जसा आहे तसा टेबलावर ठेवला होता, गन आणि चिमट्याच्या शेजारी. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारीने केस तिच्याच डोक्यावरचा घेतला होता.

"मी आत्ता परत शेकते," ताई म्हणाली. "सोमवार निघून जाईल. महिनाभर जाईल. तिची बारा किचनं होऊ देत. मग आपण गुपचूप बाहेरून खरी चिप बसवून आणू. तिला कळणारही नाही. तिचं भलंच आहे त्यात."

आणि खरं सांगायचं तर धाकटीने विचार केला. क्षणभर नाही, चांगली पाच मिनिटं केला. खरं सांगितलं तर किचनवालीचा सोमवार बुडत होता, तोही तिचा काही दोष नसताना. खोटं सांगितलं तर तो वाचत होता. फक्त या वेळी पुडी देताना तिला ठाऊक असणार होतं. तिने स्वतःला ते वाक्य म्हणताना मनातल्या मनात ऐकून बघितलं, आणि उठून टेबलावरची गन कपाटात टाकून किल्ली खिशात घातली.

किचनवाली पाचला पाच मिनिटं असतानाच आली. "झाला?" तिने दारातूनच विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "बसा."

"बसत नाही. काय झालं ते सांग."

धाकटीने सांगितलं. आडपडदा न ठेवता, काउंटरवर दोन्ही हात टेकून, एका दमात. चिप बदललेली नव्हती. शेकली होती. पुडीतली चिप तुमची नव्हती, भलतीच होती. आज भिंगाखाली बघितलं तेव्हा मला कळलं. यापूर्वी मला माहीत नव्हतं.

किचनवाली आतल्या दाराकडे बघत होती. दार अर्धवट लोटलेलं होतं आणि पलीकडे ताई स्टुलावर बसलेली दिसत होती, मांडीवर हात घेऊन.

"तुला माहीत नव्हतं," किचनवाली म्हणाली.

"नव्हतं."

किचनवालीने आता तिच्याकडे बघितलं. नीट, वेळ घेऊन, ओट्याची उंची घ्यावी तसं. धाकटीने नजर हलवली नाही. आयुष्यात इतकं खरं ती कधी बोलली नव्हती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत असणार याची तिला खात्री होती.

"तेव्हाही तू अशीच दिसत होतीस," किचनवाली म्हणाली. "पुडी दिलीस तेव्हा. अगदी अशीच."

ती बाई खरं तेच बोलत होती.

मग धाकटीने काउंटरच्या खालून स्वतःचा लॅपटॉप काढला. गेल्याच वर्षी घेतलेला, मोठ्या कार्डाचा, दुकानाच्या सगळ्या तपासण्या ती त्याच्यावर करायची. "हा घेऊन जा," ती म्हणाली. "तुमची सगळी चित्रं मी यात टाकलीयत, उघडून बघितलीयत. दारं झटकन उघडतात. सोमवार होऊ दे. नंतरही ठेवा, तुमचा नीट होईपर्यंत. तो मी बाहेर देऊन खरी चिप बसवून आणते, आणि बसवणाऱ्यालाच तुमच्याशी बोलायला लावते."

किचनवालीला तो हवा होता, हे दिसत होतं. बारा किचनं तिच्या डोळ्यांसमोर असणार. तिने लॅपटॉप हातात घेतला, वजन बघितलं, आणि मग तो उलटा केला. स्क्रूंवरून बोट फिरवलं. एका स्क्रूची खाच किंचित झिजलेली होती.

"हा उघडलाय कुणी?"

नाही, असं धाकटीच्या जिभेवर आलं होतं. पण तिला आठवलं, मागच्या महिन्यात पंखा आवाज करत होता म्हणून तिने तो आत दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या टेबलावर परत आलेला होता, पुसून, झाकून. तिने काही विचारलंही नव्हतं. विचारायचं काय होतं त्यात?

"ताई," तिने दाराकडे तोंड करून विचारलं, "माझ्या लॅपटॉपला काय केलं होतंस?"

"पंखा साफ केला," आतून आवाज आला. "बाकी हात लावला नाही. शपथ."

आवाज खरा वाटत होता. किचनवाली लॅपटॉप तसाच उलटा धरून उभी होती आणि धाकटी काय म्हणते याची वाट बघत होती. धाकटीने तो तिच्या हातातून घेतला, काउंटरवर फडकं अंथरून त्यावर पालथा ठेवला, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन पहिला स्क्रू सोडवायला लागली.